घट्ट धरा, सोडा

शर्टांच्या कारखान्यात आमच्या लाइनवर अडतीस बायका होत्या आणि अडतीसच्या अडतीस जणींची कंबर दुखायची. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत मान खाली, उजवा पाय मशीनच्या पायट्यावर, आणि समोर शर्ट. मी कॉलर लावायचे. सत्तावीस वर्षं मी नुसती कॉलरच लावली. अख्खा शर्ट शिवून दे म्हणून कुणी म्हटलं असतं तर मला बहुतेक जमला नसता. आमच्या श्टिप गावात बायकांना दुसरं काम नाही. ज्यांना नको असतं त्या परदेशात जातात, बाकीच्या शिवतात.

दोब्रिला आमची सुपरवायझर. ती आणि मी एकाच वर्षी लागलो, शेजारशेजारच्या मशीनवर. मग ती उठून लाइनच्या टोकाला काचेच्या केबिनमध्ये गेली आणि मी बसले होते तिथेच राहिले. पन्नाशी उलटली होती तिची, पण पोट कसं, इस्त्री मारल्यासारखं. लग्नातला स्कर्ट अजून होतो म्हणायची, आणि ईस्टरला खरंच घालून यायची.

एका हिवाळ्यात तिची पाठ इतकी धरली की तीन आठवडे गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या दवाखान्यात राहून आली. आली ती नवंच वेड डोक्यात घेऊन. पहिल्याच दिवशी मशीन बंद करायला लावल्या आणि टेबलावर चढून उभी राहिली.

"ऐका गं. आठ आठ तास बसता, पोटं लोंबतात, आणि मग कंबर दुखते म्हणून माझ्याकडे रडत येता. आजपासून बसल्याबसल्या पोटालाही काम. शिवण सुरू झाली की बेंबी मागे ओढायची, पार पाठीच्या कण्याला चिकटवायची. दोरा कापला की सोडायची. घट्ट धरा, सोडा. दिवसभर. ना घाम, ना वेळ वाया."

"माझी बेंबी कण्यापर्यंत जायची म्हणजे मध्ये एकदा बस बदलावी लागेल," मेन्का म्हणाली. मेन्का आमच्यातली सगळ्यांत जाड, बाह्या लावायची.

सगळ्या हसल्या. दोब्रिलाही हसली.

"आणि श्वास कधी घ्यायचा, बाई? तीन वाजता, घरी जाऊन?"

"श्वास चालू, तोंड चालू. तुझं तोंड तर काय, बंद होतच नाही. श्वास रोखलास तर तो व्यायाम नव्हे, सोंग झालं."

पहिला आठवडाभर नुसती थट्टा चालली. पोट घट्ट धरून बोललं की आवाज सपाट निघतो, त्यामुळे लाइनभर बायका एकमेकींशी भांडल्यासारख्या बोलत होत्या. कुणी मिरच्यांच्या चटणीची कृती सांगायची तीही दम दिल्यासारखी. पण खोटं कशाला बोलू, महिन्याभरात माझी कंबर हलकी झाली. सकाळी बिछान्यातून उठताना कूस वळवून, हात टेकून उठायची ती मी सरळ उठायला लागले. मेन्काचा पट्टा एक भोक आत गेला. आम्ही दोब्रिलाला मनातल्या मनात दुवा दिला.

मग तिनं तपासणी सुरू केली. दहाच्या सुट्टीआधी लाइनमधून फिरायची, मधूनच एखादीच्या मागे थांबायची आणि पुढे हात घालून दोन बोटं बेंबीखाली दाबायची. "धर." आपण धरायचं. "सोड." आपण सोडायचं. "शाबास," म्हणून पुढे. चांगलं पोट असेल तिला कॉफीबरोबर वेफरचं बिस्कीट. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या बायका आम्ही, पण त्या बिस्किटासाठी शाळेतल्या पोरींसारख्या ताठ बसायचो.

याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या लाइनवरच्या स्वेत्लाचा नोकरीचा कागद पुढे वाढला नाही. तिच्यानंतर खिसे लावणाऱ्या दोघींचा. नव्या मुलींना तीन-तीन महिन्यांच्या कागदावर घेत. दोन वर्षं असे कागद झाले की मग कायम करायचं नाहीतर घरी पाठवायचं. तिघीही पोटुशी होत्या हे गावाला नंतर कळलं. तेव्हा आम्ही म्हटलं, नशीब. मालकाला कुणीतरी सांगितलं असेल, दवाखान्यात कुणाची ओळख असेल. कुणी सांगितलं असेल यावर महिनाभर डबा खाताना चर्चा झाली, आणि त्या चर्चेत दोब्रिलाही बसायची, आमच्याच डब्यातलं लोणचं खात.

रूझा माझ्या डाव्या हाताला बसायची, काजांच्या मशीनवर. चोवीस वर्षांची, बारीक, केस मागे घट्ट बांधलेले. नवरा मितको स्लोव्हेनियात बांधकामावर. वर्षातून दोनदा यायचा. ती सासू-सासऱ्यांजवळ राहायची. मला मावशी म्हणायची. माझी मुलगी एलित्सा आमच्याच लाइनच्या शेपटीला, पॅकिंगमध्ये होती, आणि दोघींचेही कागद एकाच महिन्यात सुरू झालेले, त्यामुळे तिघी मिळून डबा खायचो. रूझाची सासू पालकाची पोळी फार छान करायची. रूझा त्याचे तीन तुकडे करून आणायची, मोजून.

मार्चमध्ये चाळीस हुतात्म्यांच्या सणाला रूझा आणि मी इसारच्या टेकडीवर चढलो. सगळं गाव चढत होतं. वाटेत भेटेल त्याला रामराम, चाळीस खडे वेचायचे, चाळीस फुलं. अर्ध्या वाटेवर रूझा दगडावर बसली.

"काय गं, म्हातारी झालीस?"

"मावशी, मला दिवस गेलेत."

तिनं खडे मुठीत घट्ट धरले होते. मितको नाताळाला आला होता. मी हिशेब केला, तिसरा महिना सरत आलेला.

"घरी सांगितलंस?"

"सासूला. ती रडली, आनंदानं. पण मावशी, कारखान्यात कळता कामा नये. मे संपेपर्यंत तरी. एक जूनला माझी दोन वर्षं होतात. एकदा कायमच्या कागदावर सही झाली की मग मला कोणी काढू शकत नाही. सुट्टी, पगार, सगळं मिळेल. पोटात ठेवशील ना?"

"पोटात तर तू ठेवलंयस," मी म्हटलं, आणि ती हसली, मग तोंडावर हात धरून रडली, आणि शेजारून जाणारी माणसं आम्हाला सणाच्या शुभेच्छा देत राहिली.

तिला कसं निभवायचं ते मीच शिकवलं. हे मी आधीच सांगून टाकते, नंतर कुणी विचारायला नको. "कामाचा कोट सैल घाल," मी म्हटलं. "आणि पोट नेहमी धरून ठेव. दोब्रिला मागे येऊन उभी राहायच्या आधीच धर. घट्ट पोट हाताला लागलं की ती खूश. तिला काय कळणार आतलं?"

"बाळाला काही होणार नाही ना?"

"मी एलित्साच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत पाण्याच्या बादल्या उचलत होते. बघ केवढी झालीय."

तिनं डॉक्टरलाही विचारलं; तो म्हणाला, फार ताण घेऊ नकोस, बाकी काही नाही. मग रूझानं जी सुरुवात केली. आम्ही शिवणीपुरतं धरायचो, ती सात ते तीन धरून बसायची. जेवताना, जिना चढताना, शौचालयाच्या रांगेत. तिचं बोलणंच बदललं, छोटीछोटी वाक्यं, एका दमात होतील तेवढी. तीन वाजता भोंगा झाला की ती फाटकाबाहेर भिंतीला टेकून उभी राहायची आणि हळूहळू सोडायची. तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता. दिवसभर पाण्याखाली राहून वर आल्यासारखा.

आणि दोब्रिला तर तिच्यावर फिदा. एप्रिलभर बिस्कीट रूझालाच.

"बघा गं हिच्याकडे! फळी आहे फळी! वास्के, तू सत्तावीस वर्षं बसून काय केलंस? ही पोरगी बघ."

"मी कॉलरी लावल्या," मी म्हटलं.

रूझा बिस्कीट खायची नाही. कोटाच्या खिशात घालायची आणि फाटकाबाहेर मला द्यायची. तिला मळमळायचं.

मेच्या मध्यावर दोब्रिलानं मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. स्वतः कॉफी केली, माझ्यासाठी दोन चमचे साखर. इतक्या वर्षांनंतर तिला ते लक्षात होतं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली, तिच्या सुनेबद्दल, माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याबद्दल. मग म्हणाली, "यंदा मालक आपल्या लाइनमधून एकीलाच कायम करणार. दोन नावं आहेत. तुझी एलित्सा आणि ती रूझा."

मी कप खाली ठेवला.

"काम दोघींचं चांगलं. रूझाचं जरा जास्तच चांगलं. काजं घालणारी पोरगी सहज मिळत नाही, पॅकिंगला कुणीही चालते. म्हणजे सरळ बघितलं तर रूझा." तिनं काचेतून लाइनकडे पाहिलं. "पण तिचं पोट फार छान लागतंय हाताला. मला जरा जास्तच छान वाटतंय."

"व्यायाम करते ती."

"अगं, धरायला काय, सगळ्याच धरतात. भीतीनं तर जास्तच." ती अगदी सहज बोलत होती, मला टाक्याची युक्ती सांगावी तसं. "खरं कळतं ते सोडल्यावर. रिकामं पोट सोडलं की बोटं आत जातात, लोण्यात गेल्यासारखी. भरलेलं नाही जात. आत गोळा असतो, तो कसा सोडणार? तो काय तुझं ऐकतो? स्वेत्लाचं मला तसंच कळलं. त्या खिसेवाल्यांचंही. डॉक्टरच्या आधी मला कळलं."

मला आधी वाटलं माझा कान काहीतरी चुकीचं ऐकतोय. वर्षभर ती आमच्या पोटावर बोटं ठेवून उभी राहायची, "धर" म्हणताना नुसती टेकवायची आणि "सोड" म्हणताना दाबायची, आणि आम्हाला कुणाला कधी प्रश्न पडला नव्हता की ही सोडल्यावर का दाबते. ज्या व्यायामानं माझी कंबर बरी झाली, तो खरोखरच चांगला व्यायाम होता. त्यात खोटं काही नव्हतं. हेच मला सगळ्यांत घाण वाटलं, आणि अजून वाटतं.

"तुला काही माहिती आहे का, वास्के?"

"मला काय माहिती असणार."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला कळलं. आम्ही दोघींनी एका बाकावर चार वर्षं भाकरी खाल्ली होती. माझं खोटं तिला ओळखता येत नसेल तर कुणाला येणार?

"बरं. तुझ्या तोंडून मला काही नको. मी महिनाअखेर सगळ्यांची तपासणी घेणार आहे. तोपर्यंत तिला काही सांगू नकोस, एवढंच. सोडल्यावर दाबते हे सांगू नकोस. एवढं जमेल ना? एलित्साची आई आहेस तू, तिची नाहीस."

मी कॉफी संपवली. संपवायला नको होती, उठून यायला हवं होतं, पण मी संपवली, आणि खाली साखर राहिली होती ती चमच्यानं खाल्ली.

जागेवर आले तर रूझानं विचारलं, "काय म्हणत होत्या बाई?"

"सुया फार मोडतात म्हणाली."

"माझ्याबद्दल काही?"

"छान करतेस म्हणाली."

तिनं डोळे मिटले, हायसं वाटून. तिला सांगायला मला दोन आठवडे मिळाले होते. दहा दिवस कामाचे, रोज आठ तास, ती माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर. नुसतं म्हणायचं होतं, "उद्यापासून आजारी पड." नाहीतर, "तिनं सोड म्हटलं की सोडू नकोस, हसून वेळ मारून ने." एक वाक्य. मी ते रोज सकाळी घरून घेऊन निघायचे आणि रोज संध्याकाळी तसंच परत आणायचे.

घरी एलित्साला मी काही सांगितलं नाही. फक्त एकदा विचारलं, "तुला कायम व्हायचंय ना?"

"नाही झाले तर मी जर्मनीला जाईन," ती म्हणाली, टीव्हीवरून नजर न काढता. "तिथे म्हाताऱ्यांची ढुंगणं धुवायला माणसं लागतात. शेजारची हिरिस्तिना गेलीये."

माझी एकच मुलगी. माझ्या जिन्यात आठ बिऱ्हाडं, त्यातल्या सहांची मुलं बाहेर. म्हातारे फोन भिंतीला टेकवून त्यातल्या मुलांसमोर जेवतात. मी हे काही माझी बाजू मांडायला सांगत नाही. त्या वेळी डोक्यात काय होतं ते सांगते.

मेच्या शेवटच्या गुरुवारी, दहाच्या सुट्टीत, दोब्रिलानं मशीनच्या मधल्या वाटेत सगळ्यांना गोळा केलं. इस्त्रीवाल्याही आल्या. कॉफीचे कप हातात होते.

"आज वर्षाचं बक्षीस," ती म्हणाली. हातात वेफरचा अख्खा डबा, लाल फीत बांधलेली. "सगळ्यांत चांगल्या पोटाला. मला वाटतं कुणाला शंका नाही. रूझा, ये पुढे."

टाळ्या वाजल्या. मेन्कानं बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. रूझा लाजून पुढे गेली. मला दिसलं, जाता जाता तिनं श्वास घेतला आणि धरलं.

"कोट काढ, बाळ. सगळ्यांना बघू दे."

"राहू दे ना, बाई."

"अगं लाजतेस कसली, सगळ्या बायकाच आहोत."

तिनं कोट काढला. आत साधा काळा बनियन. खरंच फार काही दिसत नव्हतं; इतकं घट्ट धरलं होतं तिनं स्वतःला की बरगड्या वर आल्या होत्या. दोब्रिलानं दोन बोटं ठेवली.

"फळी!" सगळ्यांना सांगितलं. पुन्हा टाळ्या. "आता सोड."

रूझानं सोडलं. म्हणजे जेवढं सोडता येईल तेवढं. पोट पुढे आलं, गोल, लहानसं, आणि दोब्रिलाची बोटं त्याच्यावरच राहिली, आत गेली नाहीत.

"सोड ना."

"सोडलंय, बाई."

"कुठे सोडलंयस? नीट सोड. श्वास बाहेर. घाबरू नकोस."

कुणीतरी हसलं. रूझानं श्वास सोडला, सगळा, अगदी शेवटपर्यंत, खांदे खाली पडेपर्यंत. ती प्रामाणिकपणे प्रयत्न करत होती. तिला वाटत होतं चूक तिचीच आहे, आणि जमलं की डबा मिळेल.

"माझी बोटं म्हातारी झाली बहुतेक," दोब्रिला म्हणाली, आणि वळली. "वास्के, तू बघ गं. तुझ्यावर विश्वास आहे माझा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रूझानंही, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं, कारण मीच होते ना. मला सगळं माहीत होतं. मी सांभाळून घेणार. मी कप मशीनवर ठेवला, हात कोटाला पुसला आणि तिच्या पोटावर ठेवला. गरम होतं. माझा हात गार असावा, कारण ती थोडी दचकली. सरळ म्हणता आलं असतं, सैल आहे. दोब्रिलानं मग स्वतः दाबलं असतं, आणि परिणाम तोच झाला असता. तोच झाला असता हे मला ठाऊक होतं, तरी मी ते म्हटलं नाही.

"सुटत नाही," मी म्हटलं.

आधी कुणाला कळलंच नाही. मग मेन्काच्या तोंडातून "अगं बाई" निघालं, आणि मग ते बायकांमधून पसरत गेलं, कुजबूज, एक हसणं. दोब्रिलानं डब्याची फीत नीट केली.

"अभिनंदन, रूझा," ती म्हणाली. "आम्हाला सांगायचं तरी. कितवा महिना? चल, आता हा डबा कुणाला द्यायचा? मेन्के, तूच घे, तूही बारीक झालीस."

मेन्कानं डबा घेतला. तिनं तो नाकारला असता तर मला आज तिची आठवण जास्त चांगली आली असती, पण तिनं घेतला, आणि कुठे ठेवावा ते न कळून पोटाशी धरून उभी राहिली.

रूझानं कोट उचलला. घातला नाही. काजांच्या मशीनवर जाऊन बसली आणि भोंगा होईपर्यंत काजं घालत राहिली. पाच तास. पोट धरलं नाही. ते तिच्या मांडीवर पुढे आलेलं दिसत होतं आणि ती तशीच बसली होती, आणि एकही काज वाकडं गेलं नाही. तीन वाजता दोब्रिला तिच्याजवळ आली, कात्री मागून घेतली, कारण कात्री कारखान्याची असते. वाकून तिच्या कानात काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. रूझानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, फक्त एकदा.

तिचा कागद वाढला नाही. एक जूनला एलित्साची सही झाली. त्या संध्याकाळी आम्ही वर मांस घालून भाजलेली भाकरी आणली, माझ्या नवऱ्यानं राकियाची बाटली काढली. एलित्सानं अर्धी खाल्ली आणि म्हणाली, "लाइनवर म्हणतात, तू हात लावलास."

"दोब्रिलानं लावायला सांगितला."

"हं," ती म्हणाली. मग उरलेली अर्धीही खाल्ली.

सप्टेंबरच्या अखेरीस कळलं, रूझाला मुलगी झाली, साडेतीन किलो, दोघी सुखरूप. मला इतकं हलकं वाटलं की मी बाजारात जाऊन पांढरं दुपटं घेतलं, दुपट्यात नोट ठेवली, आणि चाळीस दिवस झाल्यावर तिला बघायला गेले. रिवाज आहे. न जाणं जास्त दिसलं असतं.

सासूनं दार उघडलं, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "या, या! रूझा सारखी तुमचं नाव काढते." आत रूझा सोफ्यावर, मुलगी मांडीवर. तिनं मला बसवलं, कॉफी केली, दोन चमचे साखर. मुलगी माझ्या हातात दिली. सासू पोळी बघायला स्वयंपाकघरात गेली तशी रूझा म्हणाली, "त्या दिवशी बाई कानात काय म्हणाल्या, विचारलं नाहीस कधी."

मी मुलीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं.

"म्हणाल्या, वास्काला दोन आठवडे आधी माहीत होतं. सोडल्यावर मी दाबते हेही. म्हणाल्या, माझ्यावर चिडू नकोस, मी तर परकी."

"रूझा, माझी एलित्सा..."

"मला माहीत आहे. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, मी खूप विचार केला. रात्रंदिवस वेळच होता." तिचा आवाज शांत होता, लांब वाक्यं, श्वास पुरत होता. "म्हणून ठरवलंय. बाप्तिस्म्याला उभे राहणारे आमचे कुम ऑस्ट्रेलियाला गेलेत, त्यांनी दुसरं कुणी बघायची मोकळीक दिलीये. तू हिची कुमा हो, धर्ममाता. हिचा बाप्तिस्मा तुझ्या हातात."

"मी? नको. मी कशी—"

"कुमपण मागितलं तर नाही म्हणता येत नाही, मावशी. नाही म्हणणाऱ्याला कसा शाप लागतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे." तेवढ्यात सासू पोळी घेऊन आली, आणि रूझा तिला म्हणाली, "आई, वास्कामावशी हो म्हणाली."

म्हातारीनं ताट ठेवलं आणि माझे हात धरून रडायला लागली.

नोव्हेंबरात बाप्तिस्मा झाला. चर्चमध्ये दिवा धरून मीच उभी होते, पाण्यातून काढलेली मुलगी मीच पांढऱ्या कापडात घेतली, सैतानाला नाकारतेस का म्हणून पाद्र्यानं मलाच तीनदा विचारलं आणि मी तिच्या वतीनं तीनदा नाकारलं. नाव मीच ठेवलं, नेदा. रूझा रीतीप्रमाणे दाराशी थांबली होती. मी मुलगी तिच्या हातात दिली तेव्हा तिनं वाकून माझा हात ओठांना लावला, सगळ्यांसमोर, कुमेचा मान म्हणून.

तेव्हापासून नावाच्या संताचा दिवस, ईस्टर, वाढदिवस, कुठलंही चुकत नाही. रूझा फोन करते, "कुमा, येतेस ना?" मी जाते. सगळ्यांत वरच्या खुर्चीवर बसवतात, पहिला घास मला. एलित्सा दोन वर्षांनी तशीही जर्मनीला गेली, कायमचा कागद टाकून. दोब्रिला निवृत्त झाली. रस्त्यात भेटते, पाठ कशी आहे विचारते, ताठ चालते.

मागच्या रविवारी नेदाला चार वर्षं झाली. केक होता, पोरं पळत होती. ती माझ्या मांडीवर चढून बसली, बोटानं माझ्या गळ्यातली साखळी फिरवत.

"कुमा," ती म्हणाली, "तू माझ्या आईला काय केलंस?"

"कुणी सांगितलं तुला मी काही केलं?"

"आई म्हणते, मोठी झाले की तूच सांगशील. किती मोठी झाले की?"

रूझा टेबलाशी पाठमोरी केक कापत होती. सुरी थांबली नाही. तिनं एक तुकडा बशीत ठेवला, मग दुसरा, आणि वळून पाहिलं नाही.

"आधी केक खा," मी पोरीला म्हटलं.